न परवडणारी फौज

टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी खेळ, म्हणजे आळीपाळीने चाल करत खेळायचे डावपेचांचे खेळ, आवडणाऱ्यांमध्ये एक वाद गेली कित्येक वर्षे चालू आहे, आणि नवा खेळ आला की तो त्याच शब्दांत पुन्हा उकरला जातो. एका पक्षाच्या मते या खेळांचा गाभा युद्ध हाच आहे. फौज कुठे उभी करायची, खिंड कशी अडवायची, शत्रूच्या बगलेवर कधी तुटून पडायचे, हा खरा खेळ. कर, धान्य, खाणी, व्यापारी मार्ग आणि प्रत्येक शहरात पुढे काय बांधायचे हे ठरवणे म्हणजे त्यावर लादलेली कारकुनी, जी संगणकाकडे सोपवून खेळाडूला सेनापती होऊ द्यावे. दुसऱ्या पक्षाला हे उथळ वाटते. खरा राज्यकर्ता धान्याच्या कोठारापासून टांकसाळीपर्यंत सगळ्यावर नजर ठेवतो, तेव्हा खेळातही जितके तपशील वाढतील तितकी खोली वाढेल, असे तो म्हणतो. पहिला पक्ष दुसऱ्याला हिशेबनीस म्हणून हिणवतो, दुसरा पहिल्याला उतावळा ठरवतो, आणि खेळात अर्थव्यवस्था नेमकी कशासाठी हवी हा प्रश्न दोघांच्याही हातून निसटतो.

माझे मत असे की राज्याचा कारभार या खेळांत असलाच पाहिजे आणि तो खेळाडूच्याच हाती असला पाहिजे. तो काढून टाकला किंवा संगणकाच्या गळ्यात मारला, तर उरलेल्या लढाईला राजकीय अर्थ राहत नाही. मात्र त्याचे मोल त्यातल्या रकान्यांच्या संख्येवर ठरत नाही. खजिन्यातला निर्णय रणांगणावरच्या फौजेला बांधतो का, आणि रणांगणावरचा निर्णय उलटून खजिन्यावर येतो का, एवढीच कसोटी मला महत्त्वाची वाटते. ज्या खेळात हवी तेवढी फौज उभी करता येते त्यात डावपेच भरपूर असतील, पण राज्य चालवण्याचा अनुभव नसतो. कारण राज्यकर्त्याचे बहुतेक कठीण निर्णय कोणती फौज उभारायची नाही, याचेच असतात.

'बॅटल फॉर वेस्नॉथ' हा २००३ पासून विकसित होत आलेला मुक्त स्रोत खेळ या दृष्टीने जवळून पाहण्यासारखा आहे, कारण त्याची सगळी अर्थव्यवस्था चार वाक्यांत सांगून होते. नेहमीच्या मांडणीत दर टर्नला २ सोने मूळ उत्पन्न म्हणून मिळते आणि ताब्यातल्या प्रत्येक गावामागे आणखी २. प्रत्येक शिपायाला पोसण्याचा खर्च त्याच्या लेव्हलइतका असतो. प्रत्येक गाव त्यातल्या एका लेव्हलचा भार स्वतः उचलते. फौज त्याहून मोठी असेल तर फरक खजिन्यातून जातो. समजा, आपल्याकडे सहा गावे आणि पहिल्या लेव्हलचे दहा शिपाई आहेत. उत्पन्न १४, त्यातून चार शिपायांचा खर्च वजा जाऊन हाती १० उरतात. आता शत्रूच्या घोडेस्वारांनी मागून येऊन दोन गावे घेतली, तर उत्पन्न १० वर येते, खजिन्यातून पोसायचे शिपाई सहा होतात आणि हाती केवळ ४ उरतात. एकही शिपाई पडला नाही, एकही झुंज झाली नाही, तरी १४ सोन्याला मिळणारा भालाईत आधी दीड टर्नला एक या गतीने येत होता तो आता साडेतीन टर्नला एक असा येऊ लागतो. शिवाय जखमी शिपाई बरे होतात तेही याच गावांत. अशा वेळी आघाडीवरचे दोन शिपाई मागे घेऊन गावे राखायची, की गावे जाऊ देऊन आघाडी भक्कम ठेवायची? हा प्रश्न लष्करी म्हणावा की आर्थिक? त्याला कोणत्याही एका खात्यात टाकता येत नाही, आणि या लहानशा खेळाची ताकद मला नेमकी तिथेच दिसते.

इतिहासात ही दोन खाती वेगळी कधी नव्हतीच. पानिपतची मोहीम घ्या. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामावर विजय मिळवल्यावर सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे निघाले, तेव्हा फौज आणि तोफखाना या दोन्ही बाबतींत मराठे दुबळे नव्हते. पण दिल्ली हाती आल्यावर सैन्याचा खर्च भागवण्यासाठी दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून वितळवावी लागली, यातच त्या मोहिमेची खरी स्थिती दिसते. पुढे दोन्ही सैन्ये पानिपतच्या परिसरात कित्येक आठवडे समोरासमोर तळ देऊन बसली. मराठ्यांच्या तळात लढणाऱ्यांखेरीज यात्रेकरू, बाजारबुणगे आणि कुटुंबकबिले यांचा मोठा जमाव होता, आणि त्या सगळ्यांच्या पोटाला लागत होते. अब्दालीची रसद तोडण्याच्या कामगिरीवर असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि मराठ्यांचीच रसद आटत गेली. १४ जानेवारी १७६१ ची लढाई त्या दिवशी द्यावी लागली ती नकाशा पाहून नव्हे, तळात धान्य उरले नाही म्हणून. या मोहिमेवर खेळ रचायचा आणि त्यातून पैसा व धान्य वगळायचे, तर हाती काय राहते? एका सकाळी सुरू होऊन त्याच दिवशी संपणारी एक झुंज राहते. तिच्यात तोफा कुठे हव्या होत्या आणि घोडदळ कधी सुटायला हवे होते यावर हवा तितका खल करता येईल, पण ती तशा अवस्थेत का झाली हे खेळणाऱ्याला कधीच उमगणार नाही.

विरोधी पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा कंटाळ्याचा आहे, आणि तो खरा आहे. शहरे वसवून साम्राज्य वाढवण्याच्या 'सिव्हिलायझेशन' या संगणकखेळांच्या मालिकेतल्या कोणत्याही डावात पहिल्या पन्नास टर्नमधला प्रत्येक निर्णय जड असतो: धान्याचे कोठार आधी की तिरंदाज आधी, नवी वसाहत की असलेल्या शहराला तटबंदी. शेजारी चाल करून आला तर कोठार बांधण्यात घालवलेले ते आठ-दहा टर्न जन्मभर आठवतात. पण 'सिव्हिलायझेशन ६' मध्ये नेहमीच्या वेगाचा डाव ५०० टर्नचा असतो, आणि त्यातल्या तिनशेव्या टर्नला वीस शहरे हाताशी असली की दर थोड्या वेळाने एखादे शहर पुढे काय बांधू असे विचारत समोर येते. तिथे बाजार बांधला काय किंवा विद्यापीठ बांधले काय, निकालात तसूभर फरक पडत नाही, तरी उत्तर द्यावेच लागते. जिंकत आलेले डाव लोक अर्धवट सोडतात ते यामुळेच. ही तक्रार आळसातून येते असे म्हणणे अन्यायाचे आहे. माणसाचा वेळ मौल्यवान आहे आणि वजन नसलेल्या निर्णयांत तो खर्ची घालायला लावणे हा रचनेचाच दोष आहे.

पण या दोषाचे खापर अर्थव्यवस्थेवर फोडता येत नाही. त्याच तिनशेव्या टर्नला चाळीस तुकड्या एकेक करून षट्कोनांवरून पुढे सरकवणे काही कमी कंटाळवाणे असते का? तरीही म्हणून युद्ध संगणकाकडे सोपवा, असे त्या पक्षातले कोणी म्हणत नाही. निर्णयांची संख्या वाढत जाते आणि प्रत्येकाचे वजन घटत जाते, तेव्हा कंटाळा येतो, मग तो निर्णय नांगराचा असो वा तलवारीचा. यावर इलाज संगणकाला कारभारी नेमण्याचा आहे, असे मानणाऱ्यांनी 'मास्टर ऑफ ओरायन' या अंतराळातल्या साम्राज्यांच्या खेळमालिकेचा प्रवास पाहावा. १९९३ च्या पहिल्या खेळात प्रत्येक ग्रहाचा कारभार पाच पट्ट्यांवर चालत असे: जहाजे, संरक्षण, उद्योग, पर्यावरण आणि तंत्रज्ञान. एक पट्टी पुढे सरकवली की दुसरी मागे येई, म्हणजे आज जहाजे हवीत तर उद्याच्या शोधांवर पाणी सोडावे लागे, आणि हे डोळ्यांसमोर दिसे. दहा वर्षांनी, २००३ मध्ये आलेल्या तिसऱ्या खेळात ग्रहांचा कारभार संगणकाच्या व्हाइसरॉयांकडे गेला. कारकुनी कमी व्हावी हाच हेतू होता. परिणाम असा झाला की खेळ आपला आपणच चालतो आणि आपण फक्त पुढचा टर्न असे म्हणत बसतो, ही तक्रार सगळीकडून आली. साम्राज्य मोठे होते, आरमार बांधले जात होते, पण ते आपण उभारले असे कोणालाच वाटेना. कारण ज्या क्षणी जहाज की प्रयोगशाळा हे दुसऱ्याने ठरवले, त्या क्षणी त्या जहाजांनी जिंकलेली लढाईही परकी झाली.

याउलट 'डिप्लोमसी' हा १९५९ चा पटावरचा खेळ पाहा. नकाशावर ३४ पुरवठा केंद्रे आहेत. जितकी केंद्रे तितकीच सैन्ये किंवा आरमारे ठेवता येतात. १८ केंद्रे मिळवणारा जिंकतो. फासे नाहीत, नाणी नाहीत, कर नाहीत. वर्षअखेरीस केंद्रे मोजायची आणि फौज त्या संख्येला आणून ठेवायची, एवढाच अर्थसंकल्प. तरीही एक केंद्र गेले की एक सैन्य आपल्या हाताने पटावरून उचलावे लागते, आणि कोणते उचलायचे यावर पुढच्या वर्षीची मैत्री, दगाबाजी आणि सीमा ठरतात. हा खेळ खेळलेला माणूस अर्थव्यवस्था म्हणजे कंटाळा असे म्हणूच शकणार नाही, कारण इथे ती अर्ध्या मिनिटाची आहे आणि तरी अख्ख्या खेळाच्या मानेवर बसलेली आहे. संगणकावरच्या खेळांनीही ही दिशा धरलेली दिसते. २०२१ च्या 'ओल्ड वर्ल्ड'मध्ये दर टर्नला ठरावीक संख्येने हुकूम मिळतात आणि तुकडी हलवणे असो वा कामगाराला कामाला लावणे असो, प्रत्येक गोष्टीला त्यातलेच हुकूम खर्ची पडतात. राजाचे लक्ष हेच एक मर्यादित साधन मानले की सगळीकडे सगळे करण्याची सक्ती संपते. सीमेवरची मोहीम रेटायची तर राजधानीजवळची दगडाची खाण या वर्षी राहील, हे खेळाडू स्वतः ठरवतो. कंटाळ्यावरचा खरा उपाय हा आहे: निर्णय थोडे करा, जड करा, पण खेळाडूकडून काढून घेऊ नका.

दुसरा आक्षेप बुद्धिबळाचा, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. चतुरंगाने हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सेनेची चारही अंगे पटावर आणली, पण खजिना आणला नाही. आणि त्यातून निघालेल्या खेळाची खोली आजही संपत नाही. मग कर आणि खाणी नसल्या म्हणून बिघडले कुठे? बुद्धिबळात काहीच बिघडत नाही, कारण तिथे प्रश्नच वेगळा आहे. दोन सारख्या फौजा समोरासमोर आहेत, त्या कोठून आल्या हे विचारायचे कारण नाही, आणि राजावर मात झाली की जग संपते. हाती असलेल्या बळाने कसे लढावे, या प्रश्नाचा इतका निखळ अभ्यास दुसरीकडे नाही. १९९४ चा 'पँझर जनरल' याच घराण्यातला. त्यात रणगाडे विकत घेण्यासाठी कारखाने लागत नाहीत, प्रतिष्ठेचे गुण लागतात आणि ते जिंकत गेल्यावर मिळत जातात. तो उत्तम खेळ आहे आणि तो राज्य चालवण्याचा दावाही करत नाही. माझा आक्षेप अशा खेळांना नाही. ज्या खेळाच्या पटावर शहरे आहेत, प्रजा आहे, शतके उलटतात आणि खेळाडूला सम्राट म्हणून संबोधले जाते, त्याने मात्र बुद्धिबळाचा हवाला देऊन खजिन्यातून सुटका मागू नये. हाती असलेल्या फौजेने कसे लढावे, आणि ही फौज मुळात असावी का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. दुसरा ज्याने विचारायला लावला त्याने त्याची साधनेही द्यायला हवीत.

तिसरा आक्षेप अधिक तांत्रिक आहे आणि खेळ रचणारे तो गांभीर्याने घेतात: अर्थव्यवस्था आली की जो पुढे आहे तो आणखी पुढे जातो, हिमगोल घरंगळत मोठा होत राहतो, आणि शंभराव्या टर्नला ठरलेला निकाल पुढचे दोनशे टर्न नुसता उलगडत राहतो. हे वर्णन अचूक आहे. पण हा दोष खजिन्यामुळे येतो की बिनखर्चाच्या विजयामुळे? बुद्धिबळातही एक मोहरा जास्त असलेला खेळाडू मारामारी करत सुटतो, कारण जितके मोहरे पटावरून जातील तितके त्याचे पारडे जड होत जाते; तिथे तर अर्थव्यवस्थेचा मागमूस नाही. उलट हा हिमगोल अडवण्याचे सर्वांत परिणामकारक साधन अर्थव्यवस्थाच पुरवते. २००५ च्या 'सिव्हिलायझेशन ४' मध्ये प्रत्येक शहराला देखभालीचा खर्च आहे, तो राजधानीपासूनच्या अंतराबरोबर आणि एकूण शहरांच्या संख्येबरोबर वाढतो. शेजाऱ्याची सहा शहरे एका दमात घेणारा खेळाडू पुढच्या टर्नला पाहतो की खजिना गळतो आहे, संशोधनाचा वाटा कमी करावा लागतो आहे आणि ज्या तलवारींनी विजय मिळवला त्या आता शत्रूच्या बंदुकांपुढे जुन्या ठरणार आहेत. २००४ च्या 'रोम: टोटल वॉर'ने याहून साधी आणि मला अधिक आवडणारी युक्ती केली: भरती केलेला प्रत्येक सैनिक शहराच्या लोकसंख्येतून वजा होतो. लहानशा गावातून पलटणीमागून पलटणी काढल्या की ते गाव ओस पडते आणि वर्षानुवर्षे वाढत नाही. सैनिक हा कुणाचा तरी शेतकरी होता, हे त्या एका वजाबाकीने जितके कळते तितके लांबलचक मजकुराने कळले नसते.

आता अर्थव्यवस्थेच्या बाजूने बोलणाऱ्यांकडेही वळले पाहिजे, कारण त्यांच्या वकिलीने या पक्षाचे नुकसानच अधिक केले आहे. तपशील म्हणजे खोली, हे त्यांचे गृहीतक तपासून पाहायला १९७९ चा 'द कँपेन फॉर नॉर्थ आफ्रिका' हा पटावरचा खेळ पुरेसा आहे. वाळवंटातल्या युद्धाचा पुरवठा त्यात इतक्या बारकाईने मोजला आहे की इटालियन तुकड्यांना पास्ता शिजवायला जादा पाणी लागते हाही नियम आहे, आणि पूर्ण मोहीम खेळायला सुमारे दीड हजार तास लागतील असे सांगितले जाते. त्यामागच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. पण पाण्याचा तो आकडा एखाद्या सेनापतीचा निर्णय बदलत नसेल, तर तो नोंदवण्याने खेळाडू शहाणा होतो असे मानायला आधार काय? याउलट 'सिव्हिलायझेशन'च्या चौथ्या आणि पाचव्या खेळांतला एक फरक पाहावा. चौथ्यात लोखंडाची एक खाण रस्त्याने जोडली की हवे तितके तलवारबाज उभे करता येत. २०१० च्या पाचव्यात प्रत्येक खाणीचे लोखंड मोजून मिळू लागले, एका तलवारबाजामागे एक, आणि खाण शत्रूने घेतली तर आधी उभे असलेले तलवारबाजही लढाईत दुबळे पडू लागले. नियम एकाच ओळीचा बदलला. पण त्या ओळीने आडरानातल्या एका टेकडीला राजधानीइतके महत्त्व आले, खाणीवर पहारा बसला, आणि लोखंड असलेल्या शेजाऱ्याशी तह करावा की त्याच्यावर चाल करावी हा प्रश्न उभा राहिला. तपशील वाढवायचाच तर असा वाढवावा.

संगणक-प्रतिस्पर्ध्याला अर्थकारण जमत नाही म्हणून त्याला फुकटच्या सवलती द्याव्या लागतात, आणि मग ती स्पर्धाच खोटी होते, असाही एक मुद्दा काढला जातो. वरच्या काठिण्यपातळ्यांवर त्याला सुरुवातीलाच जादा वसाहतकर्ते आणि उत्पादनात वाढ मिळते, हे खरेच आहे. पण 'सिव्हिलायझेशन ५' पासून एका षट्कोनावर एकच लढाऊ तुकडी हा नियम आल्यावर तोच प्रतिस्पर्धी आपल्याच तुकड्यांच्या गर्दीत अडकून तिरंदाजांना आघाडीवर आणू लागला, हेही सगळ्यांनी पाहिले आहे. संगणकाला जे जमत नाही ते वगळायचे ठरवले तर आधी युद्धच वगळावे लागेल.

मला खरी उणीव दिसते ती दुसरीकडेच, आणि दोन्ही पक्षांच्या भांडणात तिचा उच्चारही होत नाही. या खेळांत खजिना असतो, पण पत नसते. जिंकलेली भूमी असते, पण तिथली नाखूश माणसे थोडे टर्न कुरकुरून निमूटपणे कर भरू लागतात. शहर घेतले, तीन-चार टर्न गेले, की तिथली कारखानदारी आपल्या मालकीची. जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमने थकलेली युद्धभरपाई वसूल करण्यासाठी जर्मनीतला रूरचा प्रदेश ताब्यात घेतला तेव्हा त्यांचाही हिशेब साधारण असाच होता: कोळशाच्या खाणी जिथे आहेत तिथे सैन्य नेऊन बसवायचे. जर्मन सरकारने असहकार पुकारला, खाणकामगार आणि रेल्वे कर्मचारी कामावर येईनात, आणि सैन्य हजर असूनही महिनोन्‌महिने कोळसा अपेक्षेप्रमाणे हलेना. संगिनीच्या जोरावर प्रदेश घेता येतो, खाणीतले काम करून घेता येईलच असे नाही. असा अनुभव देणारा नियम किती खेळांत आहे? आणि नसेल तर, ज्यांना प्रत्यक्षात कोणत्याही राज्याचा अर्थसंकल्प कधी हाताळायला मिळणार नाही अशा असंख्य माणसांच्या मनात युद्ध हा फायद्याचा धंदा आहे ही समजूत आपण टर्नामागून टर्न पक्की करत नाही का? हा प्रश्न मला मनोरंजनापुरता मर्यादित वाटत नाही. युद्धाची किंमत कोण मोजतो, हे कळणे ही नागरिकाची गरज आहे, आणि हे खेळ ते फार चांगल्या रीतीने शिकवू शकतात म्हणूनच ते शिकवत नाहीत याचे वाईट वाटते.

पत या गोष्टीचेही तसेच. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली ती फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी सरकारला ८ टक्के व्याजाने १२ लाख पौंड उभे करून देण्याकरता. पुढच्या शतकभरात फ्रान्सची लोकसंख्या कितीतरी मोठी असूनही ब्रिटन पुनःपुन्हा त्याच्या बरोबरीने लढू शकला, याचे एक प्रमुख कारण त्याला कर्ज स्वस्तात मिळत होते आणि घेतलेले कर्ज तो फेडतो यावर सावकारांचा विश्वास होता. फ्रान्सचा राजा कर्जाच्या ओझ्याखाली इतका वाकला की १७८९ मध्ये त्याला इस्टेट्स-जनरल ही तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा बोलवावी लागली, आणि पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. खेळांत मात्र खजिना शून्यावर आला की समोर भिंत उभी राहते. फार तर संशोधन घटते किंवा एखादी तुकडी आपोआप बरखास्त होते. 'सिव्हिलायझेशन ५' मध्ये सुरुवातीच्या काळात संगणक-शेजाऱ्याकडून एकरकमी सोने घ्यायचे, त्याबदल्यात दर टर्नला थोडे थोडे परत देण्याचा करार करायचा आणि लगेच त्याच्यावरच युद्ध पुकारून करार मोडायचा, अशी सोय होती. घेतलेले सोने हातात राहत असे. २०१३ मध्ये अशी एकरकमी देवघेव जाहीर मैत्रीपुरती मर्यादित करून ती वाट बंद करण्यात आली. बंद केली हे ठीकच; पण मला वाटते, वाट बंद करण्यापेक्षा तिचा परिणाम खेळात आणायला हवा होता. ज्याने एका सावकाराला बुडवले त्याला पुढचा सावकार कोणत्या व्याजाने पैसे देईल?

स्पेनच्या दुसऱ्या फिलिपला याचे उत्तर मिळाले होते. १५७५ मध्ये त्याने सावकारांची देणी थांबवली. त्यामुळे नेदरलँड्समधल्या त्याच्या सैन्याकडे पैसा पोहोचवणेच दुरापास्त झाले, पगार थकले, १५७६ च्या उन्हाळ्यात तुकड्यांनी बंड केले आणि ४ नोव्हेंबरला त्यांनी अँटवर्प लुटले, म्हणजे आपल्याच राजाच्या राज्यातले सर्वांत श्रीमंत शहर. हजारो माणसे मारली गेली. चारच दिवसांनी, तोपर्यंत राजाशी एकनिष्ठ असलेल्या प्रांतांनीही बंडखोर प्रांतांशी गेंट येथे समझोता करून स्पॅनिश सैन्य घालवून देण्याचे ठरवले. आपल्याकडे हा वाद याहून पुष्कळ जुना आहे. कौटिल्याच्या आधीच्या आचार्यांपैकी कौणपदंताचे म्हणणे होते की कोश, म्हणजे खजिना, आणि दंड यांत दंडाचे, म्हणजे सैन्याचे संकट अधिक मोठे, कारण कोश सैन्याच्या बळावर मिळतो. कौटिल्याने ते खोडले: सैन्याचे मूळ कोशात आहे, आणि कोश नसला तर सैन्य शत्रूकडे जाते किंवा धन्यालाच मारते. फिलिपच्या सैन्याने दुसऱ्या शक्यतेच्या फार जवळचे काही केले.

म्हणून खेळ रचणाऱ्यांकडे माझी मागणी अधिक पट्ट्यांची नाही आणि कमी पट्ट्यांचीही नाही. पगार थकलेली तुकडी पटावरून गुपचूप नाहीशी होऊ नये. ती शस्त्रांसह तिथेच राहावी, हुकूम ऐकेनाशी व्हावी आणि सर्वांत जवळच्या भरल्या शहराकडे वळावी, मग ते शहर आपलेच का असेना. कर्ज काढता यावे, बुडवताही यावे, आणि बुडवल्याची आठवण प्रत्येक शेजाऱ्याने पुढचे शंभर टर्न ठेवावी. जिंकलेल्या शहराने किती कर द्यायचा हे आपल्या हुकमाने ठरू नये, तिथे किती माणसे कामावर आली यावर ठरावे. आणि नव्या पलटणीच्या भरतीचे बटण दाबण्याआधी जुन्या पलटणींचे किती टर्नांचे पगार राहिले आहेत आणि ते कोणत्या सावकाराच्या भरवशावर द्यायचे आहेत, हे दोन आकडे खेळाडूला त्याच पडद्यावर दिसावेत.